पडवीला फरशी की फळ्या

रविवार, ता. १२ फेब्रुवारी १९३३

आज बायकोला, कमलम्माला, सांगून टाकलं की पडवीची जमीन करायची. हातमागाचा खड्डा बुजवायचा, माग सोडून माळ्यावर टाकायचा आणि वर चांगली टिकाऊ जमीन घालायची. ती जोंधळे निवडत होती. तिने मान वर केली नाही. "करा की," एवढंच म्हणाली.

जमीन कशाची करायची ते मात्र ठरत नाही. शहाबादी फरशी आहे, सागवानी फळ्या आहेत, हल्ली सिमेंटचा कोबाही करतात. मुलीला स्थळ बघताना बाप करत नाही इतकी चौकशी मी करणार आहे. एकदा घातली की माझ्यामागेही राहिली पाहिजे. माझ्यामागे तिच्यावर वावरणार कोण, ते विचारू नये.

भीमाशंकर कार्तिकात तापाने गेला. एकुलता एक मुलगा. तेव्हापासून माग बंद आहे. माझे गुडघे गेलेत, मला खड्ड्यात उतरून बसता येत नाही. अलीकडे तोच विणायचा. त्याचं अर्धवट लुगडं अजून मागावर आहे, त्यावर मी जुनी चादर टाकून ठेवली आहे. रस्त्याकडच्या बांबूच्या तट्ट्याही खाली सोडल्या आहेत. मी स्वतः मागच्या दाराने जातो-येतो.

सून काशम्मा अजून पंचविशीच्या आतली आहे, मूलबाळ नाही. तिचा भाऊ निंगप्पा मंगळवेढ्याला शेती करतो. ज्वारीची मळणी उरकली की तो तिला घेऊन जाणार, असं त्याचं-माझं ठरलं आहे. आमच्यात विधवेचा पाट लावायला आडकाठी नाही. तिचं नवं घर होईल. ती जायच्या आत पडवी व्हावी असं मला वाटतं. का वाटतं ते सांगता येत नाही. एरवी मला काही वाटतच नाही. दात काढून आल्यावर बधिर गालाला हात लावून बघावा, तसं चाललं आहे.

मंगळवार, ता. १४ फेब्रुवारी

स्टेशनाकडे दगडाच्या वखारीत गेलो. शहाबादी फरशी पाहिली. निळसर, सपाट, हात फिरवला तर गार. वखारवाला म्हणाला, "तुमचे नातू-पणतू लोळतील हिच्यावर." मी बरं म्हटलं. त्याला काय ठाऊक!

नमुन्याला एक तुकडा मागून आणला. खांद्यावरून घरापर्यंत आणला तरी खांदा दुखला नाही.

रविवार, ता. १९ फेब्रुवारी

कमलम्माने तो तुकडा दुपारभर पडवीच्या पायरीवर उन्हात ठेवला आणि मला बोलावलं. "आता पाय ठिवा." ठेवला आणि उचलला.

"आपली पडवी मावळतीची," ती म्हणाली. "आत्ता माघात हे, तर वैशाखात भाकरी भाजंल हितं. लाकूड बगून या की. घाई काय हाय?"

बोलणं चुकीचं नव्हतं. पण जन्मात जिने घरातल्या चुलीपलीकडे कशात मत दिलं नाही, ती आता जमिनीत लक्ष घालते आहे. दुःखाने माणूस असं कुठेतरी मन गुंतवतं. बरं आहे. गुंतवू दे.

"उद्या जावा," ती म्हणाली. "सकाळच्याला नगं, दुपारी जावा. वखारवाला दुपारी मोकळा असतो." वखारवाल्याच्या वेळा हिला कुठून माहीत?

बुधवार, ता. २२ फेब्रुवारी

लाकडाच्या वखारीत दोनदा जाऊन आलो. सागवान आहे, पण आपल्याकडे वाळवी. वखारवाला म्हणतो, खाली आडवी लाकडं टाकायची, वर फळ्या मारायच्या. खड्डा बुजवायचीही गरज नाही, वाटलं तर फळी उचलायची. मला ते पटलं नाही. उचलता येते ती कसली जमीन?

माप घ्यायला म्हणून पडवीत गेलो. कित्येक दिवसांनी गेलो. चादरीचं टोक उचललं. पुढच्या रुळावर कापडाचा एखादा वेढा असेल असा माझा समज होता, बरेच वेढे दिसले. म्हणजे पोरगा ताप अंगावर काढून विणत राहिला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. खड्ड्यातली माती ओली होती. घूस लागून खालची ओल वर आली असावी. बुजवतानाच मोठे दगड घालून बुजवायला सांगितलं पाहिजे.

चादर परत नीट टाकली. 

बुधवार, ता. १ मार्च

शेजारच्या फुलाबाईने गल्लीत गाठलं. "रुद्रप्पा, तुमच्यात सुतार लागलाय व्हय वो? दुपारचं खटखट येती."

"सुतार कुठला? फरशी की फळ्या तेच अजून ठरेना," मी म्हणालो.

"मग काय वाजतंय?"

"गिरणी वाजते. गावभर ऐकू येतं ते तुम्हाला आज ऐकू आलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझीच कीव आली असावी तिला. घरी येऊन कमलम्माला सांगितलं की फुलाबाईचे कान गेले. कमलम्मा म्हणाली, "वय झालंय तिचं." काशम्मा चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. नवरा होता तेव्हा त्याच्या मागावरच्या धोट्यासाठी ती रोज भरायची. आता कुणासाठी भरते? पण सवय असते हाताला. मी टोकलं नाही. तिचे इथले दिवस आता थोडे राहिले.

मंगळवार, ता. ७ मार्च

रेल्वेचे जुने स्लीपर लिलावात निघतात, त्यांना वाळवी लागत नाही, असं कळलं म्हणून बघून आलो. कमलम्मानेच ही बातमी फुलाबाईच्या जावयाकडून आणली. लाकूड लोखंडासारखं आहे, पण डांबराचा वास डोक्यात जातो. उन्हात डांबर पाझरतं असंही म्हणाले. नको.

काशम्मा लंगडत होती. विचारलं तर म्हणाली, "काटा मोडलाय, मामा." काटा एका पायात मोडतो. हिच्या दोन्ही पायांना बोटांच्या बुडाशी फोड होते. उन्हात अनवाणी फिरते, दुसरं काय! कमलम्माला म्हटलं, पोरीला पायतण घेऊन दे, माहेरी जाताना बरं दिसेल. कमलम्मा उठून आत गेली.

शुक्रवार, ता. १० मार्च

काही नाही. जेवलो.

गुरुवार, ता. १६ मार्च

निंगप्पाचा निरोप आला. मळणी होत आली, पाडवा झाला की दहा-बारा दिवसांत येतो. तिकडे एक माणूस बघितला आहे. बायको बाळंतपणात गेली, दोन लहान मुलं आहेत, पंधरा एकर रान आहे.

काशम्माला बोलावून सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "तुमी सांगाल तसं, मामा," म्हणाली. शहाणी पोर आहे. कमलम्मा मात्र भांडी आदळत होती. सून गेली की तिला एकटं पडेल, म्हणून असणार. मी तरी काय करू? बाईला या घरात ठेवून घ्यायचं तर कशावर? माग बंद, नवरा नाही, मी असा. आमच्या लोकांत बाई कांड्या भरते, ताणा करते, सुताला खळ देते, पण मागावर बसत नाही. खड्ड्यात उतरणं हे बाप्यांचं काम.

लिहायला नको पण लिहून ठेवतो. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. भीमाशंकरला बसवलं तेव्हा त्याची मान डावीकडे कलली. विणतानाही तो तसाच बसायचा, कमरेपर्यंत जमिनीत, मान डावीकडे. म्हणून मला पडवीत जाववत नाही. हे कमलम्माला सांगितलेलं नाही.

तो खड्डा बुजला की बरं होईल.

गुरुवार, ता. २३ मार्च

सिमेंटचा कोबा पाहिला. एका वकिलांच्या नव्या बंगल्यात केला आहे. गुळगुळीत, एकसंध, कुठे सांधा नाही. वर आठ-दहा दिवस पाणी धरून ठेवावं लागतं, नाहीतर तडकतो. मला आवडला. घरी येऊन सांगितलं तर कमलम्मा म्हणे, "तडा गेला तर? आनि पानी कुटनं आनायचं येवडं, उनाळ्याचं? टाईल बगितल्या का? बगून या की. पलीकडच्या पेठेत हायत म्हंत्यात."

माझं डोकं फिरलं. "फरशी नको, लाकूड नको, कोबा नको! तुला जमीन करायची आहे की नाही?"

 एवढ्या वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. "न्हाई," ती म्हणाली.

"का नाही?"

"कळंल तवा कळंल तुमाला."

बायकांचं बोलणं. मी सरळ धोंडीराम गवंड्याकडे गेलो आणि शहाबादी सांगून आलो. पाऊल भाजलं तर भाजलं. शनिवार, एक एप्रिलला सकाळी खड्डा बुजवायचा, दुपारी फरशी आणायची. धोंडीराम म्हणाला, "भर खचंल, मालक. एक पावसाळा जाऊ द्या मग फरशी घाला." मी म्हटलं, मला पावसाळ्यापर्यंत थांबायचं नाही.

मंगळवार, ता. २८ मार्च

काल पाडवा झाला. गुढी उभारली नाही. काशम्माने दारापुढे थोडं सारवलं, तेवढंच.

ती दोन दिवस फार कमी जेवते आहे. तिने कमलम्माला काही विचारलं, कमलम्मा "शनवारच्या आत कसं हुतंय गं?" म्हणाली, आणि मी आलो तशा दोघी गप्प झाल्या. शनिवारच्या आत काय व्हायचं आहे? तिची बोचकी बांधायची असतील. तिचा भाऊ तर पुढच्या गुरुवारी येणार आहे. घाई कशाला?

शनिवार, ता. १ एप्रिल

आज काय झालं ते नीट लिहितो.

धोंडीरामाला सकाळी दुसरं काम निघालं. तो म्हणाला, आधी फरशी आणून टाकू, खड्डा उद्या बुजवू. जेवण करून आम्ही दोघं वखारीत गेलो. कमलम्माने निघताना बजावलं होतं, एकेक फरशी ठोकून बघून घ्या, सांजच्याला आलात तरी चालंल. पण वखारवाल्याच्या घरी कुणी वारलं होतं, वखार बंद होती. तसेच परत फिरलो. धोंडीराम बरोबर होता, त्याला जागा दाखवायची होती, म्हणून मागच्या दाराने न जाता समोरून आलो.

गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. खट, खटक. खट, खटक. मी थांबलो. फणी कापडावर बसते तो आवाज मला झोपेतही ओळखता येतो. तो आमच्याच पडवीतून येत होता. क्षणभर मला वाटलं, भीमाशंकरच आत बसला आहे. खरंच वाटलं. धोंडीरामाने माझा दंड धरला तेव्हा मला कळलं की मी भिंतीला टेकलो आहे.

कमलम्मा पायरीवर सूप घेऊन बसली होती. मला बघून तिच्या हातातलं सूप कललं. मी तट्टी बाजूला केली. काशम्मा खड्ड्यात बसली होती, पदर खोचलेला, कपाळावर घाम. मला बघून तिचा हात थांबला. ती बाहेर यायला धडपडली तर तिचा पाय अडकला.

"बस," मी म्हणालो. 

कमलम्मा मध्ये आली. "बोलायचं ते मला बोला. मी बसवलं तिला."

"कधीपासून?"

"संकरांतीपासनं. तुमी भाईर गेला की बसती. चुकलं की उसवती, पुन्ना विनती."

"आपल्यात बाई मागावर बसते का?"

"बाप्या कुटं उरलाय घरात बसायला? तुमचं गुडगं तसं. आनि हिनं काय करायचं? दुसऱ्याची पोरं सांबाळायची, आनि त्यानं हाकललं तर भावजयीच्या हाताखाली ऱ्हायचं? तिला यायचं न्हाई तितं. तुमी इचारलं का तिला येकदा तरी?"

मी विचारलं नव्हतं. मी फरशीवाल्याला विचारलं, लाकूडवाल्याला विचारलं, वकिलाच्या गवंड्याला विचारलं.

चादर बाजूला पडली होती. मी वाकून कापडाला हात लावला. भीमाशंकरचं कुठे संपलं ते बोटाला लागलं. तिथून पुढे वीण सैल, मग थोडी घट्ट, मग बरी. किनार मात्र अजून सैल.

"किनार सैल पडते आहे," मी म्हणालो.

काशम्मा खाली बघत म्हणाली, "पाय पोचत न्हाई, मामा. पायाखालची पट्टी नीट दबत न्हाई माज्यानं."

मग मी जमिनीवर बसलो. माती ओली होती. तिने पाणी शिंपडलं होतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून माग जमिनीत असतो आणि जमीन मातीची असते. मी पोरवयापासून रोज सकाळी याच मातीवर पाणी शिंपडत आलो. आणि दीड-दोन महिने फरश्या बघत हिंडलो, तरी ओलीचा विचार एकदाही मनात आला नाही. फरशी घातली असती तर या पडवीत पुन्हा कधी धागा टिकला नसता. घूस म्हणे!

धोंडीराम बाहेर उभाच होता. त्याला म्हटलं, "जा बाबा, फरशी नको." तो म्हणाला, "मग काय घालायचं?" मी म्हटलं, "काही नाही. आहे तीच जमीन राहू दे." तो माझ्याकडे बघत गेला.

मला आता बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. अक्षर मात्र वाकडं येत आहे. 

गुरुवार, ता. ६ एप्रिल

निंगप्पा आला. बरोबर ज्वारीचं पोतं आणलं. गूळ-पाणी झालं. पडवीत बसला तसं त्याने मागाकडे पाहिलं. तट्ट्या मी वर केल्या होत्या, चादरही काढून टाकली होती.

"मामा, पडवी करनार हुता न्हवं तुमी?"

"मातीचीच ठेवली. मागाला ओल लागते."

"मागावर बसतंय कोन?"

मी काशम्माकडे पाहिलं. ती कमलम्माच्या मागे उभी होती. माझ्या मनात होतं की मीच सांगून मोकळं व्हावं, कारण भावापुढे तिचं तोंड उघडणार नाही. पण एकदा मी तिच्या वतीने बोललो होतो, ते पुरे झालं. "तिलाच विचार," मी म्हणालो.

 निंगप्पा म्हणाला, "आवर गं. गाडी सांजच्या आत सोडायची हाय."

"मी न्हाई येत, अन्ना," ती म्हणाली. "लुगडं अर्ध्यात हाय."

"लुगडं झाल्यावर?"

"झाल्यावर दुसरं लावायचं की."

निंगप्पाला राग आला. त्या माणसाला त्याने शब्द दिला होता. "लोक काय म्हंतील? सून मागावर बसवली म्हंतील," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी म्हटलं, म्हणतील. आमच्या पेठेत दोन घरं आधीच म्हणायला लागली आहेत. एकाने मला बघून तोंड फिरवलं, आणि तो माझा चुलतभाऊ आहे. निंगप्पा न जेवता निघाला. काशम्मा त्याच्या गाडीमागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. परत आली ती डोळे पुसत आली. 

शुक्रवार, ता. ७ एप्रिल

पायाखालच्या पट्ट्या काशम्माच्या मापाच्या करायच्या होत्या. भीमाशंकर उंच. त्याने पट्ट्यांच्या दोऱ्या आपल्या पायाच्या मापाने लांब बांधून घेतल्या होत्या, त्यामुळे पट्ट्या खोल जातात आणि हिला टाचा उचलून दाबाव्या लागतात. फोड त्याचेच होते.

खड्ड्यात उतरायला मलाच हवं होतं. तिला बांधणी माहीत नाही. एका बाजूने कमलम्माने धरलं, एका बाजूने काशम्माने, आणि मी उतरलो. गुडघ्यांत कळ आली. बसलो. किती दिवसांनी तिथे बसलो! कमरेपर्यंत गार वाटलं. वाकून पहिल्या पट्टीची गाठ सोडवायला घेतली, ती सुटेना. त्याच्या पायाचं सगळं वजन त्या गाठीवर पडून ती दगड झाली होती. नखं लावली, खिळा लावला. शेवटी पट्टी वर ओढून दाताने सोडवली.

सुटली तशी दोरी हातात सरळ झाली. तिला गाठीचे वळ तसेच राहिले होते. मला रडू आलं. कार्तिकात आलं नव्हतं ते आलं, मोठ्याने आलं, रस्त्यावरच्या माणसांनी ऐकावं असं.

"काय झालं वो?" कमलम्मा वरून म्हणाली.

"गाठ लई घट्ट मारतोय गं हा."

 तिचा हात माझ्या डोक्यावर होता.

दुसरी गाठ सोडवायला काशम्मा खाली वाकली. मी तिला हात लावू दिला नाही. तीही मीच सोडवली. मग तिला खड्ड्याच्या काठावर बसवलं, पाय सोडायला सांगितलं, आणि तिच्या पायाचं माप घेऊन दोन्ही दोऱ्या आखूड बांधल्या.